चारमँडर, बल्बासॉर की स्क्वर्टल? आधी पुढचा रस्ता बघा

भाच्यानं जुन्या बाजारातून घासाघीस करून गेम बॉय ॲडव्हान्स हा हातात धरून खेळायचा जुना गेम आणला, बॅटरीचं झाकण नसलेला. सोबतची पोकेमॉन फायररेड या गेमची कॅसेट बनावट निघाली, खेळ सेव्हच होईना. दुसरी मिळेपर्यंत दोन रविवार गेले. आता गेममधल्या प्रोफेसर ओकच्या टेबलावरचे तीन चेंडू समोर आहेत, त्यांतून पहिला पोकेमॉन निवडायचा, आणि कोथरूडहून फोन येतोय: "मामा, चारमँडरच घेतो ना? त्याचा पुढे ड्रॅगन होतो."

ड्रॅगन होत नाही म्हटल्यावर पलीकडे शांतता. चारमँडर वाढून शेवटी चारिझार्ड होतो. तो दिसायला ड्रॅगन, पण टाइप, म्हणजे जात, फायर आणि फ्लाइंग.

मूळ चक्र सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला. भारी पडलं तर फटका दुप्पट, उलटं असेल तर निम्मा. समोरच्याचे टाइप दोन असले तर गुणाकार होतो, म्हणजे चौपटही बसू शकतो. एक सावधगिरी: कोणता टाइप कोणावर भारी याचे नेटवर मिळणारे तक्ते बहुतेक नव्या गेमचे असतात. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये १५ टाइप होते, आज १८ आहेत. फायररेड २००४ चा, त्यात १७. फेअरी हा टाइप आला २०१३ मध्ये, त्यामुळे तो रकाना खुशाल सोडून द्यायचा.

कागदावर मोजलं तर वॉटर सरळ जिंकतो. त्याला भीती दोघांचीच, ग्रास आणि इलेक्ट्रिक. फायरला तिघांची: वॉटर, ग्राउंड, रॉक. ग्रासला तब्बल पाच जणांची, वर त्याचा हल्ला सात टाइपांवर निम्माच लागतो. बल्बासॉर ग्रासबरोबर पॉयझनही आहे, त्यामुळे विषाची आणि किड्यांची भीती जाते, पण सायकिकची नवी मागे लागते. इथंच थांबलो असतो तर स्क्वर्टल घे म्हणून फोन ठेवला असता.

पण खेळ तक्त्यावर होत नाही, रस्त्यावर होतो. वाटेत एकामागून एक जिम लागतात, प्रत्येकीत एका उस्तादाला हरवायचं. पहिली जिम ब्रॉकची. त्याचे जिओड्यूड आणि ओनिक्स दोघेही रॉक आणि ग्राउंड, म्हणजे पाणी आणि गवत चौपट. त्यातून या जुन्या गेममध्ये हल्ला अंगावरचा की स्पेशल, हे टाइपवरूनच ठरतं. वॉटर, ग्रास, फायर हे सगळे स्पेशल. ओनिक्सचा डिफेन्स (अंगावरचा हल्ला झेलायची ताकद) १६०, पण स्पेशल डिफेन्स अवघा ४५. बल्बासॉरला लेव्हल १० ला वाइन व्हिप हा गवताचा हल्ला येतो आणि ब्रॉकचा खेळ आटोपतो. स्क्वर्टलला वॉटर गनसाठी १३ पर्यंत थांबावं लागतं, तोवर बबल या पाण्याच्या हल्ल्यावर भागवायचं.

चारमँडरवाल्यांना सगळे एकच सांगतात: लेव्हल १३ ला मेटल क्लॉ हा हल्ला येतो, ते दगडावर दुप्पट. खरं आहे, पण ते अंगावरचं, म्हणून जाऊन आपटतं त्या १६० वर. एम्बर हे आगीचं, निम्मं लागतं, पण ४५ वर. मी एकदा वहीत हिशोब मांडला होता, ओनिक्सवर दोन्हींचा फटका जवळपास सारखाच येतो. तेव्हा मेटल क्लॉची वाट बघत लेव्हल वाढवत तासन् तास घालवण्यात अर्थ नाही. विरिडियन गावाच्या पश्चिमेला रूट २२ या रस्त्यावर मँकी मिळतो, फायटिंग टाइपचा. तो घ्यावा आणि पुढे निघावं.

दुसरी मिस्टी, पाण्याची. तिथंही चारमँडर मार खातो, बल्बासॉर निवांत. तिसरा सर्ज इलेक्ट्रिकचा. तिथं स्क्वर्टल अडकतो, पण गावाशेजारीच डिगलेटची गुहा आहे आणि ग्राउंडला वीज लागतच नाही. चौथी एरिका, ग्रासची. इथं पहिल्यांदा चारमँडरवाला हसतो.

मला वाटतं, यांतला ताकदवान कोण यापेक्षा कोणाची जागा पुढे सहज भरता येते, हे बघावं. पाणी या गेममध्ये पैशाला पासरी आहे. माउंट मूनजवळ एक माणूस ५०० ला मॅजिकार्प विकतो. सगळे त्याला फसवणूक म्हणतात, पण लेव्हल २० ला त्याचा ग्याराडोस होतो. पुढे सिल्फ कंपनीत लाप्रस चक्क फुकट. गवतासाठी फायररेडमध्ये मिस्टीच्या गावाच्या उत्तरेलाच ऑडिश आहे, तोही बल्बासॉरसारखाच ग्रास आणि पॉयझन. आग मात्र दुर्मीळ. आगीचा ग्रोलिथ भेटतो तोवर तीन जिम होऊन गेलेल्या असतात.

म्हणून माझं मत चारमँडरलाच, पण ड्रॅगनसाठी नव्हे. पहिल्या दोन जिमना मँकी आणि ऑडिश पुढे करायचे. ज्याला एकच पोकेमॉन वाढवत सुसाट जायचंय, त्यानं बल्बासॉर घ्यावा. स्क्वर्टल वाईट नाही, फक्त त्याच्यावाचून अडत नाही. एक विसरू नये: शेजारचा प्रतिस्पर्धी नेहमी तुमच्यावर भारी पडणाराच उचलतो. तुम्ही चारमँडर घेतलात की तो स्क्वर्टल घेतो आणि शेवटपर्यंत पाणी मारत राहतो. आणि शेवटाकडची प्रतिस्पर्धी लोरेलाय बर्फाची म्हणून आगीवर विसंबू नका. तिच्या पाचांपैकी चौघांत पाणीही आहे, दुप्पट लागते ती एकट्या जिंक्सला.

मोबाइलवरच्या पोकेमॉन गोसाठी हा सल्ला लागू नाही. तिथं दुप्पट नसून १.६ पट लागतं आणि पहिला पोकेमॉन कोणता घेतला हे आठवड्यात कुणाच्या लक्षातही राहत नाही. मात्र बाहेरचं हवामान खेळात उतरतं: पावसात वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग यांचे हल्ले १.२ पट होतात. जुलैत सारसबागेत छत्री सांभाळत खेळणाऱ्यानं आगवाले घरीच ठेवावेत.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं, चारमँडर घेतला आणि मँकी न घेताच ब्रॉककडे गेला. रात्री मेसेज आला: "रूट २२ कुठंय म्हणालास?"