खारट जमिनीत काय लावावं: सॅलिकॉर्निया की क्विनोआ?

जमीन खारावली की बहुतेक जण या दोन नावांपाशी अडकतात: सॅलिकॉर्निया ही खाऱ्या दलदलीत वाढणारी वनस्पती, तिच्या कोवळ्या कांड्यांची भाजी होते; क्विनोआ हे राजगिऱ्यासारखं धान्य. दोन्ही रोपं मीठ पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवतात; फरक पुढे सुरू होतो.

सॅलिकॉर्नियाला पानं अशी नाहीतच, नुसत्या रसाळ कांड्या. कांडी चावली की आधी पाणी, मग खारटपणा. साठलेल्या पाण्यात मीठ पातळ होतं, म्हणून समुद्राच्या पाण्यावरही ती तगते. उलट मीठ अजिबात नसेल तर खुरटते. बियांत तेल २५-३० टक्के. पण बी बारीक, एकदम पिकत नाही, गळतंही, काढणी जिकिरीची. मीठ मुळांशी साचू नये म्हणून पाणीही जास्तच द्यावं लागतं.

क्विनोआच्या पानांवरचे चकाकणारे फुगे मिठाची कोठारं मानले जात. २०२२-२३ च्या प्रयोगांत मात्र त्यांचं काम किडींपासून बचावाचं दिसलं. मध्यम खारटपणात तो चांगलं धान्य देतो, फार वाढला की उतारा घटतो. धान्यावरचं कडू, फेसाळ द्रव्य (सॅपोनिन) धुवावं लागतं, एवढंच.

गोडं पाणी नाहीच, फक्त समुद्राचं आहे: सॅलिकॉर्निया, तीही आधी भाजी म्हणून. जमीन मध्यम खारट आणि घरात धान्य हवंय: माझ्या मते क्विनोआच.