कॅम नदीकाठची कोडी: पाचपैकी चार तारे

मुलाकडे मिल्टन कीन्सला सहा महिने राहायचं म्हणजे शनिवार-रविवार मॉलमध्ये बाकावर बसून काढायचे, अशी माझी समजूत होती. नातीने ती मोडली. "आजी, तू गणित शिकवायचीस ना? मग तू माझ्या टीममध्ये," असं म्हणून तिने मला केंब्रिजला नेलं. न्यूनहॅमपासून ग्रँचेस्टर गावापर्यंत कॅम नदीच्या काठाकाठाने कोडी सोडवत जायचं आणि शेवटी लपवलेला डबा शोधायचा. ती दहा वर्षांची, मी सत्तरीला दोन कमी. मुलगा पिशव्या धरायला.

जिओकॅशिंग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण मोबाइल घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा जिथे होता तिथेच ठेवायचा. मे २०००मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात एकाने बादली लपवून हा खेळ सुरू केला. आमचा डबा मात्र 'मिस्टरी' जातीचा. नकाशावर प्रश्नचिन्ह दिसतं, पण त्या जागी काहीच नसतं. खरी जागा कोड्यांच्या उत्तरांतून काढायची.

आता रस्ता. ग्रँचेस्टर मेडोज या कुरणातून दोन वाटा जातात. वरची पक्की, सायकलवाल्यांची. खालची नदीला चिकटून, मातीची. कोडी खालच्या वाटेवर आहेत, आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला. मी वाईची, कृष्णेच्या घाटांवर वाढलेली. नदी म्हटली की पायाखाली दगडी पायरी हवी. इथे पायरी नाही की देऊळ नाही. गवत सरळ पाण्यात उतरतं, त्यात गाई निवांत चरतात, आणि लांब बांबूने ढकलायच्या त्यांच्या पंट नावाच्या होड्या आवाज न करता शेजारून निघून जातात. पहिली दहा मिनिटं मला ही नदी अळणी वाटली. पुढे वाटेनासं झालं.

त्याचं श्रेय कोडी रचणाऱ्याला. सहापैकी चार प्रश्न असे की तिथे उभं राहिल्याशिवाय उत्तर निघूच शकत नाही. एका फाटकाचे आडवे दांडे मोजा. ते फाटक असं, की एका वेळी एकच माणूस वळून आत शिरतो आणि गाईला काही ते जमत नाही. मोजायला वाकले तेव्हा खालच्या दांड्याला लोकरीसारखा पांढरा केसांचा पुंजका अडकलेला दिसला. कुत्र्याचा, नात म्हणाली. अशा गोष्टी चालत्या पायांना दिसत नाहीत.

सर्वांत आवडलेलं कोडं ग्रँचेस्टरच्या ऑर्चर्ड टी गार्डनचं. सफरचंदाची ही बाग १८६८ साली लावली. १८९७मध्ये विद्यार्थ्यांनी झाडाखाली चहा मागितला आणि तेव्हापासून तिथे चहा मिळतो. प्रश्न असा: झाडांनी चहाची वाट किती वर्षं पाहिली? एकोणतीस. पोरीने बोटांवर केलं, मी तोंडी. मग आम्हीही झाडाखाली हिरव्या आरामखुर्च्यांत बसलो आणि स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव खाल्ले. (जॅम आधी की साय आधी यावर इथे वाद आहे म्हणे. मी शिऱ्यासारखं सगळं कालवून खाल्लं.)

आणि इथेच घोटाळा झाला. सहाही उत्तरं घालून जागा काढली तर ती तेरा किलोमीटर लांब, कुठल्याशा शेतात! नात रडवेली झाली. मी तिला म्हटलं, "उत्तर आलं की आधी शक्य आहे का ते बघायचं, मग रडायचं." या खेळात दाखवलेल्या प्रश्नचिन्हापासून खरा डबा साधारण दोन मैलांच्या आतच असावा असा नियम आहे, तो तिनेच मला गाडीत सांगितला होता. मग कागदावर एकेक अंक तपासला. उत्तरं बरोबर. अक्षांश बरोबर. रेखांशापुढे मात्र पश्चिम! मिल्टन कीन्स ग्रिनिचच्या पश्चिमेला, त्यामुळे आधीच्या सगळ्या डब्यांना पश्चिमच लागायचं, आणि नातीच्या हाताला तीच सवय. केंब्रिज पूर्वेला आहे. एक अक्षर बदललं आणि नकाशावरची टाचणी नदीकाठी आली.

१८९९मध्ये आपले रँग्लर परांजपे याच केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, तेही बरोबरीने, हे मी तिला तेव्हा सांगितलं. "त्यांनी ईस्ट-वेस्ट चुकवलं नसतं," एवढंच म्हणाली.

शेवटची सूचना गुप्त लिपीत होती. प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं. अक्षरं सव्वीस, म्हणून लिहायला आणि उलगडायला एकच रीत. निघालं: 'झाडाच्या मुळाशी'. विलोच्या दाट फांद्यांखाली मोबाइलची टाचणी दहा-दहा पावलं उड्या मारत होती, तेव्हा तो खिशात ठेवून हातानेच चाचपलं. हाताला नेटलचं पान लागलं. आग होते हो चांगलीच. डबा शाळेच्या खाऊच्या डब्याएवढा, चारी बाजूंनी खटके असलेला. आत वही कोरडी, पेन्सिल मात्र नाही. आपली न्या. मी देवनागरीत नाव लिहिलं. नातीने आतला प्लास्टिकचा बेडूक घेतला आणि माझ्या हातातली एक हिरवी काचेची बांगडी ठेवली. घ्याल त्याच्या तोडीचं काही ठेवायचं असतं.

एक तारा का कापला? दोन प्रश्नांसाठी. एकाचं उत्तर जागेवर मिळतच नाही, इंटरनेटवर शोधावं लागतं, आणि कुरणात मध्येच रेंज जाते. दुसरा एका बाकाच्या पट्ट्या मोजायचा. तो बाक आता नवा कोरा आहे, जुन्याला किती पट्ट्या होत्या ते कुणाला ठाऊक? सगळ्या अंकांची बेरीज ताळ्यासाठी दिली होती म्हणून उलटं गणित करून आम्ही निभावलो. पोरं बरोबर असतील तर हातात अडीच-तीन तास ठेवा, जुने बूट घाला, आणि निघण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या. चहाच्या बागेपर्यंत मला तरी वाटेत दिसलं नाही.

बाकाचा प्रश्न बदला, असं रचणाऱ्याला कळवलंय. नातीने मजकूर वाचला आणि विचारलं, "आजी, खाली 'पुन्हा सोडवून आणणे' असं का लिहिलंस?"