औसा रोडवरील ऑटो इलेक्ट्रिशियन आणि माझी 1999 ची मारुती 800

लातूरमध्ये जुन्या गाड्यांचे इंजिन बांधणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. विजेचे काम मोजून करणारा माणूस मात्र विरळा, असे माझे मत होते. औसा रोडवरील एका पत्र्याच्या दुकानाने ते बदलले. पाटीवरील नाव उन्हाने उडाले असून ‘ऑटो इलेक्ट्रिक’ एवढीच अक्षरे आता वाचता येतात.

गाडी कार्बुरेटरची, 1999 ची. मार्चपासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरे, आणि रात्री दिवे व ब्लोअर लावून तुळजापूरहून परतलो की दुसऱ्या दिवशी धक्का मारण्यासाठी शेजाऱ्यांना हाक द्यावी लागे. पॅनेलवरील बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवताच लागे आणि इंजिन सुरू होताच विझे, त्यामुळे चार्जिंग व्यवस्थित आहे असे मी धरून चाललो. एका बॅटरीविक्रेत्याने याच समजुतीवर मला नवी बॅटरी घ्यायला लावली. त्यानेच चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपटून ‘गाडी बंद पडत नाही, म्हणजे डायनॅमो चांगला’ असा निकालही दिला. ही परीक्षा खऱ्या डायनॅमोच्या जमान्यातली आहे. आपण सगळे आजही ज्याला डायनॅमो म्हणतो तो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र, असतो, आणि चालू असताना त्याची बॅटरी तोडली की व्होल्टेज एकदम उसळून त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जळू शकतो. माझ्या नशिबाने तसे झाले नाही; नवी बॅटरी मात्र तीन आठवड्यांतच मलूल झाली.

औसा रोडच्या मिस्त्रींनी पान्याआधी मल्टिमीटर हातात घेतला, आणि तिथेच मला जरा धीर आला. बंद गाडीत बॅटरी 12.2 व्होल्ट दाखवत होती. पूर्ण भरलेली असती, तर आकडा 12.6 च्या आसपास असता. फॅन बेल्ट त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला, तो सेंटीमीटरभर दबला, म्हणजे ताण योग्य होता. मग हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मला रेस धरायला सांगितली. बॅटरीवर आकडा आला 13.0, आणि थेट अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलवर व त्याच्याच धातूच्या अंगावर मीटर लावल्यावर 14.2.

“डायनॅमोला काय बी झालं नाही, काका. हे सव्वा व्होल्ट वाटेत कुठं जातंय ते बघू,” ते म्हणाले.

पुढची दोन मिनिटे मी मुद्दाम वाकून पाहत राहिलो. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवली, तेव्हा फरक निघाला 0.2 व्होल्ट, म्हणजे ती वायर निर्दोष. तीच मोजणी अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांच्यात केली, तेव्हा आकडा पूर्ण 1.0 वर गेला. हा सगळा तोटा अर्थिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल जोडणाऱ्या वाटेत होता. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच बसलेला असल्याने त्याला स्वतःपाशी 14.2 दिसत होते आणि तो समाधानी होता. बॅटरीपर्यंत काय पोहोचते हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. लाल दिवाही ही तूट दाखवत नाही.

अर्थिंगची केबल गिअरबॉक्सला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथला लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, काढल्यावर खालून पांढरट-हिरवी भुकटी निघाली, आणि रबर सोलल्यावर आतल्या तांब्याच्या तारा वीतभर काळ्या पडलेल्या दिसल्या. त्यांनी मला ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावायला सांगितला. दोन-तीनदा सेल्फ मारल्यानंतर ती चक्क कोमट लागत होती, कारण अर्थिंगची वाट अडल्यावर सेल्फचा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून बॉडीकडे जात होता. नवी केबल टाकून, बोल्टची जागा पॉलिश पेपरने लखलखीत घासून, कसल्यानंतर वरून ग्रीस लावले. पुन्हा तीच मोजणी केली, तेव्हा ऋण बाजूचा तोटा 0.1 वर आणि बॅटरीवरचा आकडा 13.9 वर आला. अल्टरनेटर उघडून कार्बन, बेअरिंग आणि डायोड प्लेट यांचे बिल लावणे त्यांना सहज शक्य होते, आणि मी मुकाट्याने दिलेही असते.

बॅटरीचे पाणी तपासताना त्यांनी जारचे फिल्टरचे पाणी ओतू नका, असे बजावले. आमच्याकडील बोअरचे पाणी क्षारयुक्त असते हे बादलीवरील पापुद्र्यावरून कोणालाही दिसते, पण फिल्टर झालेल्या पाण्यातही क्षार उरतात आणि बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच लागते. ज्या शहराला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बॅटरीच्या पाण्यासाठी निराळी बाटली विकत घेताना थोडे विचित्र वाटते खरे.

आता तक्रारी. मिस्त्री एकटेच काम करतात, त्यामुळे मला अडीच तास थांबावे लागले, आणि बसायला एका जुन्या टायरखेरीज काही नव्हते. गाडी बंद असताना बॅटरीतून करंट झिरपतो का, हे त्यांनी आपणहून पाहिले नाही. मी आग्रह धरल्यावर मीटर लावला आणि 30 मिलिअँपिअर आले, जे 50 च्या आत असल्याने चिंतेचे नाही. डायोड गळका असता, तर तो रातोरात बॅटरी उतरवण्याइतका करंट खाऊ शकतो, म्हणून ही तपासणी त्यांनी मी सांगण्याआधीच करायला हवी होती. केबल आणि मजुरी मिळून 850 रुपये झाले. छापील बिल नाही, मागितल्यावर बॅटरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून दिले. उन्हाळ्यात जायचे असेल, तर सकाळी 11 च्या आत पोहोचावे, कारण दुपारी पत्र्याखाली तेही काम करत नाहीत आणि शटर अर्धे ओढून चारपर्यंत झोपतात.