हवेची 10 फुटी बोट, हतनूरच्या बॅकवॉटरवर शनिवार-रविवार चालवून: बोट पास, सोबतचं सामान नापास

बोट बिनधास्त घ्या, पण बॉक्समध्ये तिच्यासोबत जे काय येतं त्यावर भरोसा ठेवून पहिल्याच दिवशी बायकापोरांना बसवून पाण्यात जाऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला सविस्तर वाचायचंय त्याने पुढे वाचा, लांबलचक झालंय.

माल काय आहे, तर 3 मीटर लांबीची पीव्हीसीची बोट, बाजूच्या ट्यूबमध्ये हवेचे तीन कप्पे, तळाला हवेचाच कडक तळ, मागे मोटर लावायला प्लायवूडची फळी. मी सोबत 55 पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या ताकदीची) बॅटरीवरची मोटर आणि 100 अँपियर-अवरची लिथियम बॅटरी घेतली, सगळं धरून लाखाच्या आसपास गेलं. घरची इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी लावून पैसे वाचवायचा विचार कोणी करत असेल तर करू नका, तिचं वजनच दोन पोरांएवढं आणि निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य जातं. लिथियमवाली 12 किलोच्या आसपास, एका हाताने उचलतो.

प्लॅनिंगचं म्हणाल तर वीकेंड शुक्रवारी नाही, बुधवार-गुरुवारीच सुरू होतो. कारण सोपं आहे. पॅच मारायची वेळ आली तर ग्लू 24 तास वाळू द्यावा लागतो, म्हणजे शनिवारी पाण्यावर जाऊन लीक सापडला तर रविवार गेलाच समजा. म्हणून गच्चीवर फुगवा, भांड्यांच्या लिक्विडचा फेस करून व्हॉल्व्हभोवती आणि जोडांवर लावा आणि बुडबुडे बघत बसा. माझ्या बोटीचे जोड एकदम चांगले निघाले, कुठे फेस हलला नाही, पण एका व्हॉल्व्हच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. तो मुळात घट्ट बसवलेलाच नव्हता, पान्याने आवळला की थांबला. फुगवताना एकच कप्पा टम्म करू नका, सगळे थोडे थोडे भरत या, नाहीतर मधल्या पडद्यांवर ताण येतो.

आता आपल्याकडच्या लोकांसाठी महत्त्वाचं. ट्यूबवर 0.25 बार (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, तेवढं भरायचं, पण कधी आणि किती तापमानाला, हे कोणी सांगत नाही. डिसेंबरात संध्याकाळी 28 डिग्रीला 0.25 भरलं आणि पहाटे 12 डिग्री झालं तर गेजवर 0.18 च्या आसपास दिसतं, तो लीक नाही, हवा आकसली एवढंच, उगाच कंपनीला शिव्या देऊ नका. उलट पंचवीस डिग्रीला भरून बोट उन्हात काठावर ठेवली आणि आतली हवा पंचेचाळीसला गेली तर तेच 0.33 होतं, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मेमध्ये राखाडी ट्यूब किती तापेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून काठावर थोडी नरमच ठेवा, पाण्यात उतरवली की पंधरा मिनिटांनी परत गेज लावून वरची हवा भरा.

आणि गेज म्हणाल तर सोबत आलेलं गेज रद्दी आहे. मित्राच्या चांगल्या पंपाच्या गेजशी ताडून बघितलं तर कमी दाखवतं, म्हणजे त्याच्या नादाने भरत राहिलो तर जास्त भरली जाणार. पायाचा पंप ट्यूबसाठी ठीक, तळाला मात्र ट्यूबच्या दुपटी-तिपटीने दाब लागतो, तिथे पोटऱ्या भरून येतात. 12 व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप घ्याच.

जागा म्हणून हतनूर धरणाचं बॅकवॉटर निवडलं, चांगदेवच्या बाजूने. जळगावहून भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगरकडे हायवेने सरळ रस्ता, तापी-पूर्णेचा संगम तिथेच, पाऊस संपल्यावर पाणी भरपूर आणि हिवाळ्यात ओढ नसल्यासारखीच. धरणाच्या भिंतीकडे अजिबात फिरकायचं नाही. पावसाळ्यात तर बोटीचं नावच काढू नका, 41 दरवाजे आहेत त्या धरणाला, कधी किती उघडतील ते वरच्या पावसावर. महाशिवरात्रीच्या यात्रेच्या दिवसांतही नको, घाटावर पाय ठेवायला जागा नसते. आणि जायच्या आधी पाटबंधारे खात्याला विचारून घ्या, मोटर लावणार असाल तर नोंदणीचंही बघा, 2021 चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा यांत्रिक बोटींना लागू आहे. शनिवारी मी फक्त वल्ह्यांवर काठाकाठाने फिरलो, मोटर रविवारी.

काठावर बाभळी, म्हणजे काटे. खाली ताडपत्री अंथरूनच बोट उघडायची. आमचा अमळनेरचा दोस्त ते सगळं बघून म्हणे, "हाई नाव शे का गादी शे रे भो?" हसला आणि मग तोच सगळ्यात आधी जाऊन बसला. तळाला एक काटा रुतलेला सापडला, उपसून बघितलं, आरपार गेला नव्हता. पीव्हीसीला इथे पूर्ण मार्क.

शनिवारची मेन टेस्ट म्हणजे मुद्दाम पाण्यात पडून परत वर चढणे. हसू नका, करून बघा, काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. जॅकेट पोटाला अडकतं, ट्यूब गुळगुळीत, बाजूचे हँडल फक्त धरायला, चढायला त्यांचा काही उपयोग नाही. मागच्या फळीला जाड दोरीचा फास बांधून पाण्यात सोडला, त्यात पाय घालून चढलो तेव्हा जमलं. शिडी कंपनीने द्यायला पाहिजे होती, नाही दिली. सोबत आलेली जॅकेटं पोहण्याच्या तलावापुरती, मानेमागे उशी असलेली वेगळी घ्या, पोरांना तर नक्कीच.

रविवारी मोटर. पहिली गोष्ट, वायरिंगमध्ये फ्यूजच नाही! फुल स्पीडला ही मोटर 50 अँपियरच्या आसपास ओढते, प्रॉपेलरला काही अडकलं की त्याहून जास्त, आणि मध्ये काहीच नाही. मी जळगावातून 60 अँपियरचा ब्रेकर आणून बॅटरीजवळ बसवला. दुसरी गोष्ट, क्लॅम्पचे स्क्रू थरथरीने ढिले होतात, दहा मिनिटं चालवून परत आवळायचे आणि मोटरला बोटीशी वेगळी दोरी बांधून ठेवायची, म्हणजे सुटली तरी तापीच्या गाळात जाणार नाही. तिसरं, एकटा बसलो आणि बॅटरीही मागेच ठेवली की नाक वर उचलतं आणि वाऱ्याने बोट गरागरा फिरते. बॅटरी पुढे सरकवली, त्यासाठी केबल लांब लागली, आणि लांब केबल जाडच घ्यावी लागते, नाहीतर अर्धा करंट केबल तापवण्यात जातो (अर्धा म्हणजे बोलायची पद्धत, पण जातो).

बॅटरीचा हिशोब असा की फुल स्पीडवर कागदावर दोन तास, पण फुल स्पीड लावायचीच कशाला? स्पीड दुप्पट करायची तर ताकद जवळपास आठपट लागते, म्हणून दुसऱ्या गिअरला आरामात फिरलो तर सकाळभर पुरते. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि येताना वारा पाठीशी ठेवायचा, कारण वारा दुपारी वाढतो आणि बॅटरी तेव्हाच उतरलेली असते. आम्ही संगमाच्या बाजूला लांब गेलो नाही, काठ दिसत राहील इतकंच.

मासेमारीच्या जाळ्यांचं भान ठेवा. थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले की मोटर वर उचलायची आणि वल्ह्याने बाजूला व्हायचं, कोणाच्या पोटापाण्याचं जाळं आपल्या हौसेपायी कापलं जायला नको. एक काका नावेतूनच ओरडले, "तिकडं पाण्याखाली बाभळीचे खुंट हायेत, रबर फाटीन तुमचं!" खरंच, पाणी गढूळ, वरून काही दिसत नाही. जायच्या आधी तिथल्या मच्छीमारांना विचारणं हे कुठल्याही ॲपपेक्षा भारी काम करतं. मोटरचा आवाज नसल्यामुळे थंडीतली बदकं बऱ्यापैकी जवळून दिसली, त्यांच्यात घुसू नका म्हणजे झालं.

चार माणसांची बोट म्हणून विकतात. चार बसतात, पण बॅटरी, मोटर, डबा (भरीत-भाकरीशिवाय आपण निघतो का कुठे), पाण्याचा जार धरला की तीनच मोठी माणसं बरी. बोटीवरच्या प्लेटवर किलोत जे लिहिलंय त्यात बॅटरी-मोटरही मोजायची असते.

घरी आणून धुतली तर तळाच्या आणि ट्यूबच्या खाचेत बोटभर काळा गाळ. तसाच घडी घातला तर वाळू पीव्हीसी घासून काढेल, धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, दिवस गेला तरी चालेल.

पाचात बोटीला साडेचार, पंप-गेज-वायरिंगला दीड. कस्टमर केअरला गेजचे फोटो पाठवलेत, बदलून देतो म्हणालेत, आलं की इथेच खाली टाकीन. तोवर कोणी मागवणार असेल तर व्हॉल्व्हचा पाना वेगळा मागवा, बॉक्समध्ये येत नाही, आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात तो मिळत नाही, मी मित्राकडून आणला होता.