हीटर प्लगांचा सेट, सहा महिन्यांनंतर: प्लग बरे आहेत, नट नाहीत

डिसेंबरात हीटर प्लगांच्या (गार डिझेल इंजिन सुरू करताना आतून ऊब देणारे प्लग) या सेटला दोन तारे दिले होते. आज चार करतोय. कापलेला एक का कापला, ते शेवटी येईलच.

गाडी जुनी आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) डिझेल, चार सिलिंडर, १२ व्होल्टचे पेन्सिल टाईप प्लग. बाकीचं डब्यावर छापलेलं आहे.

सोलापुरात हीटर कशाला लागतो, असं म्हणणारे मेकॅनिक सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडपर्यंत कुठेही भेटतील. मे महिन्यात खरंच लागत नाही, आणि घोळ तिथेच होतो. दोन प्लग मेलेले असले तरी सात-आठ महिने पत्ता लागत नाही. मग जानेवारीत गड्डा यात्रेच्या सुमारास पहाटे मार्केट यार्डात जायला निघावं, तर सेल्फ ओरडतोय आणि मागून नुसता पांढरा धूर. इंडिका, जुनी सुमो, पहिला छोटा हत्ती, ही सगळी आयडीआय. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठीत पेटतं. त्या कोठीच्या भिंती गार असल्या की दाबलेल्या हवेची ऊब त्याच पिऊन टाकतात. डीआय इंजिनाचा (डिझेल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या) मालक हसला तर हसू द्या.

या धुरावरूनच अर्धं निदान होतं. सेल्फ मारताना पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही; हीटर बघा. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. फिल्टर, लाईनमधली हवा किंवा कटऑफ सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बघा. दुपारी गरम इंजिनही पकडत नसेल तर हीटरला दोष देऊ नका, कॉम्प्रेशन आणि पंपाकडे वळा. आणि चालू होऊन अर्धा मिनिट थडथडत मिसिंग करत असेल, तर एखाद-दुसराच प्लग गेलाय.

डॅशबोर्डवरच्या हीटरच्या पिवळ्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेक जुन्या गाड्यांत तो टायमरवर चालतो. चारही प्लग मेले तरी तो वेळेवर लागतो आणि वेळेवर विझतो.

डिसेंबरात दोन तारे दिले ते याच लक्षणांवरून: चार महिन्यांत सेट निकामी झाला, असा समज. प्लगांना करंट पोचवणारी धातूची पट्टी काढून प्रत्येक प्लग वेगळा तपासला तर चारही ठणठणीत. पट्टी काढणं मात्र सक्तीचं आहे. चारही प्लग तिच्यावर समांतर जोडलेले असतात, न काढता मीटर लावला तर एकाचं रीडिंग दुसरा झाकतो. चांगला प्लग गार असताना साधारण ०.५ ते १ ओहम दाखवतो. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि जो आकडा येईल तो वजा करा, नाहीतर मीटरच्या वायरीच मोजत बसाल. मीटर नसेल तर बॅटरीच्या प्लसपासून टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला लावा. लॅम्प लागला नाही तर प्लग गेला.

मग दोष कुठे होता? पट्टीच्या नटांत. सात-आठ नंबरच्या पान्याचे ते चार चिमुकले नट. हिशोब करा: ०.८ ओहमचा प्लग, पट्टीवर ११ व्होल्ट, म्हणजे पावणेचौदा अँपिअर आणि सुमारे १५० वॉट. नटाखाली गंज-धूळ बसून फक्त ०.२ ओहम अडथळा आला की करंट ११ अँपिअरवर येतो आणि प्लगला ९७ वॉटच मिळतात. एक तृतीयांशाहून जास्त उष्णता गेली! त्यातली २४ वॉट नटातच जळतात, नट काळा पडतो, अडथळा आणखी वाढतो. मीटर प्लगला थेट लावला की हे दिसत नाही. हीटर चालू असताना मीटर व्होल्टवर ठेवून एक पिन पट्टीवर, दुसरी प्लगच्या टोकावर लावा, ०.२ व्होल्टच्या वर फरक दिसला तर तोच चोर. पट्टीवरच ९ व्होल्ट येत असतील तर मागे रिले (हीटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज पट्टी आणि इंजिनची अर्थिंग तपासा.

इलाज स्वस्त आहे: पॉलिश पेपर, चार नवे नट, चार स्प्रिंग वॉशर. आवळताना दोन बोटांचा जोर पुरे, प्लगचं टोक तुटलं तर सेट गेला. 'दोनदा हीटर देऊन बघा' हा सल्ला आजार लपवतो, बरा करत नाही. एअर फिल्टरवर पेट्रोलचं फडकं धरणाऱ्यांनी निदान हीटरची वायर काढलेली असावी, लाल प्लगवर पेट्रोलची वाफ गेली की आत स्फोट होतो.

प्लग खरंच बदलायचे असतील तर गंज सोडवणारं तेल रात्री घाला आणि इंजिन कोमट असताना मागे-पुढे करत सोडवा. त्याआधी हवेने भोवतीची धूळ उडवा, आपल्याकडची बारीक माती थेट कोठीत पडते. आटे सुटूनही प्लग बाहेर येत नसेल तर त्याचं आतलं टोक फुगलंय. ओढलं तर तुटेल आणि हेड उतरवावं लागेल. नवा प्लग हाताने पूर्ण आत जायला हवा, मग १२ मिमी आट्यांना २० न्यूटन मीटरच्या आसपास पुरे. फुगलेली टोकं दिसली तर रिले चिकटतोय का बघा, आणि एकाच सिलिंडरचा प्लग पुन्हा पुन्हा जळत असेल तर त्याची डिझेल फवारणारी नोझल टपकतेय. या दोन गोष्टी न बघता नवा सेट टाकणं म्हणजे पैसे बोनेटखाली जाळणं.

प्लगांबद्दल तक्रार नाही. बॅटरीवर बाहेर लावून पाहिले तर सहा-सात सेकंदांत टोकाकडून लाल होतात, मधून नाही; तसंच व्हायला हवं. पण एवढ्या किमतीच्या डब्यात चार वॉशर नसावेत? नट जुनेच वापरा म्हणे. तो एक तारा त्यासाठी कापलाय.