पिकनिकचा थर्मल डबा: डबा एक नंबर, पण ती रिंग!

स्पेक्स सगळ्यांना माहितीयेत, दोन भिंतींचा स्टीलचा डबा, मध्ये व्हॅक्यूम, आत एकावर एक तीन डबे, वर फिरकीचं झाकण. ते परत लिहीत नाही. दिवाळीत घेतला, आता अर्धा पावसाळा उलटला, म्हणजे थंडी, ऊन, पाऊस सगळ्यात वापरून झाला. आज लिहायला बसले कारण कस्टमर केअरशी परवाच शेवटचं बोलणं झालंय आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

झाकणाच्या आत पांढरी सिलिकॉनची रिंग असते ना, सगळा डबा तिच्या जिवावर आहे. भिंतीत व्हॅक्यूम असल्यामुळे तिकडून उष्णता फारशी जात नाही, जाते ती वरून, झाकणातून, आणि तिथे राखणीला ही एवढीशी रिंग. पहिले काही महिने घट्ट होती. मग हळदीने पिवळी झाली, लसणाच्या फोडणीचा वास धरून बसली, खाचेत काळे ठिपके यायला लागले. मी दर वेळी चमच्याच्या मागच्या टोकाने काढून, सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवून, सुकवून परत बसवायचे. तरी मार्चमध्ये ती सैल पडलीच. पानशेतला पोचलो तर मटकीचा रस्सा झाकणातून झिरपून पिशवीत, पिशवीतून सतरंजीवर. पोळ्या वेगळ्या डब्यात होत्या म्हणून वाचल्या.

फोन केला तर म्हणे रबर पार्ट वॉरंटीत येत नाही. बरं, नाही तर नाही, पैसे देते, रिंग द्या. "मॅडम, रिंग सुटी येत नाही, पूर्ण लिड घ्यावं लागेल." आणि त्या लिडची किंमत ऐकून मी दोनदा विचारलं की अख्ख्या डब्याची सांगताय का! कुकरची रिंग कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते, वर्षानुवर्षं मिळतेय, मग ह्यांनाच काय अडचण आहे? चांगलं धडधाकट झाकण भंगारात टाकायचं, का तर आतली एक रिंग सैल झाली. हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर इथेच एक स्टार देऊन थांबले असते. पण मे महिन्यात मत बदललं, आणि ते दहीभातामुळे.

पुण्याजवळच्या भुलेश्वरला जायचं होतं, ऊन कसलं ते सांगायला नको. सासूबाई म्हणाल्या, दहीभात ने, पण दुधात कालव. गरम भात मऊ मळून त्यात भरपूर दूध आणि चमचा-दोन चमचेच दही, फोडणी गार करून वरून. मी तो पसरट ताटात लगेच गार केला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी डब्यात बर्फाचं पाणी दहा मिनिटं घालून ठेवून ओतून दिलं आणि मग भात भरला. दुपारी उघडला तर गारेगार आणि अजिबात आंबट नाही! सैल रिंग असूनही. दाटसर भात झिरपायला जात नाही ना. फक्त एक लक्षात ठेवा, कोमट भात ह्या डब्यात कधीही भरू नका. साधारण 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात आणि हा डबा कोमट पदार्थ तासन् तास कोमटच ठेवतो. भातातल्या बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तर शिजवूनही जिवंत राहतात, आणि त्याचं उलटीचं विष एकदा तयार झालं की परत गरम करूनही जात नाही. म्हणजे एक तर वाफाळतं भरा नाही तर फ्रिजमधलं गार.

गरम न्यायचं असेल तरी तेच तंत्र उलटं, उकळतं पाणी घालून झाकण लावून दहा मिनिटं, मग ओतून लगेच भरायचं आणि काठोकाठ भरायचं, अर्धा भरला तर लवकर निवतो. ताम्हिणीला पावसात भिजून गाडीपाशी आलो आणि मुगाची खिचडी उघडली, तिच्यावर तूप घातलं तर ते लगेच पातळ होऊन पसरलं, सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. त्या क्षणी मला हा डबा मनापासून आवडला, ते लिहिलंच पाहिजे.

पोळ्या मात्र ह्यात नको, घाम सुटून लगदा होतो. त्या पूर्ण निववून सुती फडक्यात, साध्या डब्यात. लांबचं असेल तर दशम्या, पीठ दुधात भिजवून केलेल्या, दुसऱ्या दिवशीही मऊ. सोबत कारळ्याची नाही तर दाण्याची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची चटणी, दडपे पोहे उन्हाळ्यात घरीच खा. बटाट्याची भाजी कांदा न घालता पिवळी करा, चांगली टिकते. काकडी अख्खी न्या, कूट वेगळ्या डबीत, तिथेच चिरा आणि मीठ अगदी पानं वाढताना घाला, नाही तर नुसतं पाणी. आणि पुऱ्यांखाली पेपर घालणं आता बंद करा प्लीज, शाई अन्नात उतरते, एफएसएसएआयनेही (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळू नका असं कधीचं सांगितलंय.

परत रिंग. कंपनीचा नाद सोडून झाकणच पिशवीत घालून पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी शांतपणे एकेक लावून बघितली आणि चौथी की पाचवी बसली. किंचित जाड आहे, झाकण अर्धा फेरा कमी फिरतं, पण पाणी भरून उलटा केला तर थेंब नाही. फूड ग्रेडची आहे का हे विचारून, तसं छापलेलं पाकीट बघूनच घेतली. एक जास्तीची पण आणून ठेवलीये. आता रस्सा परत सुरू, फक्त तो डबा सगळ्यात खाली.

अजून एक, गरम भरलेला डबा निवला की आतली वाफ विरून झाकण घट्ट ओढलं जातं, हाताने हलत नाही. पक्कड घेऊन झटापट करू नका. झाकणावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं ठेवा, सुटतं.

डब्याला चार स्टार, सर्व्हिसला एक, तोही फोन उचलतात म्हणून. घेणार असाल तर दुकानात उभे असतानाच विचारा रिंग सुटी मिळते का, आणि हो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या.