खेचायचं की ढकलायचं? घरी पाइपमधून हवेच्या जोरावर डबी पाठवायची सिस्टिम करणाऱ्यांसाठी

कंट्रोलर बोर्ड आर्डुइनो नॅनो घ्यायचा की ईएसपी३२ यावर सगळे आधी डोकं लावतात, पण बोर्डाला इथे काम ते काय, बटण दाबलं की मोटर चालू करायची आणि डबी पोचली की बंद. त्याआधी हे ठरवा, की व्हॅक्यूम क्लीनरची मोटर पोचायच्या टोकाला लावून डबी खेचणार, की पाठवायच्या टोकाला ब्लोअर लावून ढकलणार. पाइपची मांडणी, दरवाजे, आवाज सगळं यावरच ठरतं.

आमचं ठाण्यात नौपाड्यात खाली दुकान, वर बाबा हिशेबाला बसतात, गुडघ्यांमुळे त्यांना जिना नको, म्हणून बिलं आणि चेक वर पाठवायला ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप टाकला. दोन्ही पद्धती याच पाइपवर वापरून झाल्यात.

जोराच्या बाबतीत मला फरक जाणवला नाही. पाइपचं आतलं क्षेत्रफळ साधारण ४० चौरस सेंटीमीटर, दाबात वातावरणाच्या दाबाच्या विसाव्या भागाइतका फरक पडला तरी डबीवर दोनेक किलोचा जोर येतो, कागद आणि चेकला तेवढा भरपूर झाला. खेचण्याला एका वातावरणाच्या दाबाची मर्यादा आहे हे खरं, पण घरात तिथवर जायची वेळच येत नाही. पॅरिसमध्ये १८६६ ते १९८४ असं हवेवरचं टपाल चालायचं, ४०० किलोमीटरच्या वर जाळं, त्यांना दाबाची हवा आणि व्हॅक्यूम दोन्ही लागायचं. आपलं अंतर एक मजला.

माझा निर्णय झाला तो शिट्टीमुळे. ढकलायचं म्हणजे डबी आत टाकायच्या दरवाज्यामागे दाबाची हवा, ती दरवाजा सतत बाहेर लोटत असते. फट बुजवायला फोमचं गास्केट लावलं की थोडे दिवस बरं चालतं, मग ते एका कोपऱ्यात चपटं होतं आणि तिथून बारीक शिट्टी सुरू. कडी आवळली की तो कोपरा गप्प होतो आणि समोरचा वाजायला लागतो, पावसाळ्यात तर ठाण्याच्या दमट हवेत फोमचं काही खरं नसतं. डबी जायची वर व्यवस्थित, पण दुकानात गिऱ्हाईक उभं असताना प्रत्येक वेळी ते वाजायचं. शेवटी बाबाच म्हणाले, अरे ती शिट्टी आधी बंद कर, फोनवर काही ऐकू येत नाही.

खेचायच्या पद्धतीत खालच्या तोंडाला दरवाजाच लागत नाही, उघड्या पाइपात डबी धरली की ती हातातून ओढली जाते. वर पाइप यू-बेंडने वळवून खाली तोंड केलंय आणि तिथे फ्लॅप आहे, तो सक्शनने आपोआप घट्ट बसतो, मोटर बंद झाली की डबीच्या वजनाने उघडतो आणि डबी ट्रेमध्ये. सक्शनचा होज बेंडनंतर टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडलाय, त्याच्या पुढचा दोनेक फूट पाइप बंद असल्यामुळे तिथली हवा गादीसारखी डबीला थोपवते, आपटत नाही. जॉइंटही आतच ओढले जातात म्हणून मी सोल्युशन लावलेलं नाही, काही अडकलं तर पाइप हाताने सुटतो.

खेचण्याचे त्रासही आहेत. मोटर पोचायच्या बाजूला म्हणजे आवाज बाबांच्या कानाशी, म्हणून ती बाल्कनीत ठेवून आत फक्त होज आणला. धूळ मोटरकडे जाते, त्यामुळे फिल्टर हवाच, घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. आणि डबी अडकली की हवेचा प्रवाह थांबतो, बऱ्याच व्हॅक्यूम मोटरी त्याच हवेवर थंड राहतात, म्हणून कोडमध्ये टाइमआउट घालाच. माझ्याकडे डबीत चुंबक आणि पाइपवर रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा) आहे, नेहमीच्या दुप्पट वेळात स्विचचा सिग्नल आला नाही तर मोटर बंद. आयआर सेन्सरपेक्षा हे मला बरं वाटलं, धूळ बसली तरी चालतं. ईएसपी३२ घेणार असाल तर मोटरचा सिग्नल ५, १४, १५ या पिनांवर नको, बूट होताना तिथे सिग्नल येतो आणि लाइट जाऊन आली की मोटर क्षणभर चालू होते.

खाली पाठवायला मोटर वापरतच नाही. वर उभ्या पाइपला छोटा दरवाजा आहे (तोही सक्शनने आपोआप बसतो), त्यातून डबी सोडायची. खालच्या तोंडावर झाकण ठेवलं की आतली हवा फक्त डबीभोवती लावलेल्या नमद्याच्या फटीतून निसटते आणि डबी सावकाश उतरते.

तुमचा पाइप आडवाच जाणार असेल (म्हणजे डबी वजनाने परत येणार नाही) आणि मोटर एकच परवडत असेल तर ढकलणं टाळता येईलच असं नाही. हॉस्पिटलमध्ये रक्ताचे नमुने पाठवतात तिथेही एकच ब्लोअर आलटून पालटून खेचतो आणि ढकलतो. तसं करायचं असेल तर पहिला खर्च चांगल्या रबरी गास्केटवर आणि दोन बाजूंच्या कड्यांवर करा, फोमच्या नादी लागू नका. खाली-वर पाठवायचं असेल तर मी तरी खेचायलाच सांगेन.